कुपनावरची पेटी

राबियानं पहिला सूर लावला तेव्हा ती सोळा वर्षांची होती, आणि तो तिनं चोरून लावला.

साल एक्क्याण्णव. दौंडला स्टेशनामागच्या गल्लीत तिच्या वडलांचं, सुभान शेख यांचं, पेटीदुरुस्तीचं दुकान होतं. आसपासच्या भजनी मंडळांच्या, शाळांच्या, कीर्तनकारांच्या पेट्या त्यांच्याकडंच यायच्या. पार शिरूरपासून माणसं एसटीत मांडीवर पेटी घेऊन यायची. त्या उन्हाळ्यात शिरूरच्या एका शाळेची पेटी लागोपाठ दोनदा परत आली. मास्तर म्हणाले, "सुभानभाई, वरचे सूर अजून बोचतायत." सुभानभाईंनी भाता मारला, कान पट्ट्यांजवळ नेला आणि सांगितलं, "बरोबर हाय मास्तर. तुम्हाला भास व्हतोय."

राबिया डबा घेऊन दारात उभी होती. मास्तरांना भास होत नव्हता. चार सूर उतरलेले तिला तिथूनच कळत होते.

दुपारी बाप जेवून आडवा झाला तशी तिनं पेटी उघडली. लहानपणापासून बघून बघून सगळं पाठ होतं. पेटीच्या पोटात पितळेच्या बारीक जिभा ओळीनं बसवलेल्या असतात, त्यांनाच सूर म्हणतात. जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. चारी सूर तिनं जागेवर आणले आणि पेटी होती तशी मिटून ठेवली.

संध्याकाळी सुभानभाईंनी पेटी उघडली. पितळेवर ताज्या घासणीच्या चकचकीत रेघा होत्या. त्या रेघांकडं ते बराच वेळ बघत बसले. आता हात उगारतील म्हणून राबिया भिंतीला चिकटून उभी. पण त्यांनी पेटी मिटून बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानात मधोमध तार बांधली, तिच्यावर जुन्या चादरीचा पडदा टाकला, पुढची पेटी पडद्यामागं ठेवली आणि चहाला निघून गेले.

तेव्हापासून तसंच चालू राहिलं. राबियाचं लग्न झालं. नवरा अक्रम कुरकुंभच्या एका औषध कंपनीत शिफ्टला जायचा, बिऱ्हाड दोन गल्ल्या सोडून. बापाचा डबा घेऊन राबिया रोज दुकानात यायची ती दिवस मावळेपर्यंत पडद्यामागं असायची. गिऱ्हाईक पेटी न्यायला आलं की सुभानभाई त्याच्यासमोर वाजवून दाखवायचे. त्याच वेळी राबिया चहा घेऊन बाहेर यायची. कप उजव्या हाताला ठेवला की सूर बरोबर. डाव्या हाताला ठेवला की काहीतरी राहिलंय. मग सुभानभाई मान हलवून म्हणायचे, "न्हाई, उद्या या. मला अजून एकदा बघू द्या." लोक म्हणायचे, काय कान आहे या माणसाचा.

आई सुगराबीला ठाऊक होतं, अक्रमला ठाऊक होतं. पण अब्बांना ऐकू येत नाही, हे वाक्य त्या घरात सोळा वर्षांत कुणाच्या तोंडून बाहेर पडलं नाही. बापलेकीतही नाही. आधी फक्त वरचे सूर गेले होते. मग मधले गेले. दोन हजार सात उजाडलं तेव्हा समोर बसून मोठ्यानं बोललं तरच त्यांना कळायचं, आणि निम्मं ते ओठांवरून ओळखायचे.

त्या जानेवारीत बानूबाई दुकानात आली.

बानूबाई कुरकुंभ रस्त्यावरच्या धनगरवाडीची. सासऱ्याच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, आता ऊस होता. वाडीतल्या अकरा बायकांचं भजनी मंडळ तिनं उभं केलं होतं आणि आवाज असा, की माइक बंद पडला तरी शेवटच्या माणसाला ऐकू जाईल. मागच्या साली पुण्यातल्या एका मोठ्या भजन स्पर्धेत तिच्या मंडळाचा पहिला नंबर आला होता. बक्षीस म्हणून मिळालं होतं एक कुपन. देशभर शाखा असलेल्या एका वाद्यांच्या दुकानाचं. पुण्यात नव्या मॉलमध्ये त्याची शाखा होती आणि कुपन फक्त तिथंच चालणार होतं. बायकांनी ते वर्षभर देव्हाऱ्यात ठेवलं. बानूबाईचा मुलगा बिरदेव रांजणगावला कंपनीत होता, तो सुट्टीवर आला तेव्हा त्यानं कुपन उलटून बघितलं. मागं बारीक अक्षरात मुदत होती, एकतीस जानेवारी.

"परवा मुदत संपतीय, सुभानभाऊ," बानूबाई म्हणाली. "चार फेब्रुवारीला शिरूरला स्पर्धा हाय. आमची जुनी पेटी तर आता दमेकऱ्यावानी धापा टाकतीय. नवी घ्यायची, पन त्या दुकानात आमाला कोन इचारतंय? तुमी चला. तुमी हो म्हनाल ती पेटी."

सुभानभाईंनी ओठ नीट वाचले होते. ते म्हणाले, "येतो की."

पडद्यामागं राबियाच्या हातातली कानस थांबली.

संध्याकाळी ती आईला म्हणाली, "अब्बांनी हो का म्हटलं?" सुगराबी भाकरी थापत होती. "तुझा बाप न्हाई कसं म्हनंल? बानूबाईला तो चाळीस वर्षांत कधी न्हाई म्हनला न्हाई," ती म्हणाली. "तू संगं जा. म्हाताऱ्याला जपायला म्हनून जा."

एकतीस तारखेला सकाळच्या गाडीनं चौघं पुण्याला निघाली. सुभानभाई, राबिया, बानूबाई आणि मंडळात पेटी वाजवणारी गिताबाई. गिताबाई कोऱ्या लुगड्यात, कुपन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पदराला बांधलेलं. राबियानं बापाच्या अवजारांची कापडी पिशवी घेतली होती. बापानं ती घे म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं.

मॉलच्या दारात गार्डनं पिशवी मशीनमधून सरकवली आणि थांबवली. "यात पेचकस आहे, कानस आहे, चाकू आहे. आत नेता येणार नाही."

"चाकू न्हाई, पटाशी हाय," राबिया म्हणाली.

"काही असेल. काउंटरला ठेवा, टोकन घ्या."

टोकन तिनं मुठीत धरलं. दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. आत गेल्यावर चौघं जरा वेळ दाराशीच उभी राहिली. भिंतीभर गिटारी टांगलेल्या, लाल, निळ्या, काळ्या. मधोमध ड्रमचे संच. छतातून कुठलंतरी इंग्रजी गाणं पडत होतं, एका कोपऱ्यात दोन कॉलेजची पोरं गिटार खाजवत होती आणि कुणीतरी ड्रम बडवत होतं. वर एसीची घरघर. राबियानं कान देऊन बघितला. इतक्या कालव्यात तिलाच सूर कसा ऐकू येणार होता?

टाय लावलेला सेल्समन आला. त्यानं कुपन बघितलं आणि त्यांना सगळ्यात मागं, लहान मुलांच्या खेळण्यातल्या पियानोंच्या पलीकडं नेलं. तिथं तीन पेट्या होत्या. एक घडीची, छोटी, प्रवासाची. एक मोठी, पण तिची किंमत कुपनाच्या दुप्पट. मधली होती ती बेताची, सागवानी रंगाची, दोन जोड सुरांची.

"अजून न्हाईत?" बानूबाईनं विचारलं.

"हार्मोनियमला डिमांड नाही मावशी. एवढाच स्टॉक आहे."

सुभानभाई मधल्या पेटीसमोर खाली बसले. फळी बोटांनी चाचपली, भात्याच्या घड्या मोजल्या, पट्ट्या एकेक दाबून त्यांचा परत येण्याचा वेग बघितला. लाकडातलं आणि चामड्यातलं त्यांना अजूनही कुणापेक्षा कमी कळत नव्हतं. मग भाता मारून त्यांनी बोटं फिरवली. राबिया त्यांच्या मागं वाकून ऐकत होती. खालचं सप्तक ठीक. मधलं ठीक. वरच्या सप्तकात पांढरी चारच्या पट्टीवर बोट पडलं आणि तिच्या दातांतून कळ गेली. एका पट्टीखाली दोन सूर असतात, एक खर्जाचा म्हणजे खालचा, एक नराचा म्हणजे वरचा. त्यातला नराचा उतरलेला होता. दोन्ही एकमेकांशी भांडत होते आणि त्यांच्या भांडणाची लहर उठत होती. बायका काळी पाचमध्ये गायच्या. त्यांचा पंचम नेमका त्याच पट्टीवर येत होता.

इथं चहाचा कप नव्हता. राबिया बापाच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली.

सुभानभाईंनी तिच्याकडं बघितलं. त्यांना कळलं, हे तिनं त्यांच्या डोळ्यांत वाचलं. तेवढ्यात मागून सेल्समन म्हणाला, "आजोबा, कशी वाटते?" सुभानभाईंना मागचं ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. मग वाकून, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, मोठ्यानं म्हणाला, "आजोबा, ऐकू येतंय ना?"

गिटारवाली पोरं हसली. गिताबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसली की नाही ते कळलं नाही, पण सुभानभाईंनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा कानशिलापर्यंत लाल झाला.

"चांगलं ऐकू येतंय," ते म्हणाले. "बानूबाई, हीच घ्या. उत्तम पेटी हाय."

राबिया डावीकडंच उभी होती. तिनं बापाचा खांदा दाबला. त्यांनी खांदा झटकला आणि उठून उभे राहिले.

सेल्समननं पेटी ट्रॉलीवर चढवली. बिलाच्या काउंटरपुढं तीन माणसं रांगेत होती. काउंटरवर पाटी होती, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. खाली, कुपन एकदाच वापरता येईल. बानूबाई आणि गिताबाई ट्रॉलीमागं उभ्या राहिल्या. गिताबाई पदराची गाठ सोडत होती. एक माणूस पुढं सरकला. दोन उरले.

राबिया मागंच थांबली. बोललं तर सोळा वर्षांचं सगळं इथं, परक्या माणसांत उघडं पडणार. नाही बोललं तर चार तारखेला शिरूरच्या मांडवात अकरा बायका पंचमावर येतील आणि पेटी त्यांना पाडेल. लोक बायकांनाच बेसूर म्हणतील. आणि पेटी सुभानभाईंनी निवडलेली.

ते दोघंही सरकले. गिताबाईनं कुपन काउंटरवर ठेवलं.

"बानूमावशी, थांबा," राबिया म्हणाली. "ती पेटी घिऊ नका."

बानूबाई वळली. "काय झालं?"

"वरच्या सप्तकातला एक सूर उतरलाय. तुमचा पंचम हाय तो."

"तुझ्या बानं तर आत्ताच बघितली."

"राबिया, बस कर," सुभानभाई म्हणाले. त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण काय चाललंय ते त्यांनी ओळखलं होतं.

"अब्बा, उतरलाय," ती त्यांच्याकडं तोंड करून म्हणाली. ती एवढं मोठ्यानं बोलली की रांगेतल्या शेवटच्या माणसानंही बघितलं.

सेल्समनला आता राग आला होता. त्यानं गिटार जुळवायचं इलेक्ट्रिक यंत्र आणलं, पेटीवर ठेवलं आणि राबियानं दाखवलेली पट्टी दाबून भाता मारला. यंत्रावर हिरवा दिवा लागला. काटा बरोब्बर मधे. "बघा. मशीन खोटं बोलत नाही, ताई."

बानूबाईनं दिवा बघितला, मग राबियाकडं बघितलं. ती नजर राबिया पुढं कधी विसरली नाही. सुभानभाईंनीही दिवा बघितला, आणि त्यांच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं काहीतरी उमटलं. राबियाला वाटलं, आपणच चुकलो. हा एसीचा आवाज असेल, ड्रमचा असेल. खरंच भास झाला असेल.

मग तिचं लक्ष पेटीच्या खुंट्यांकडं गेलं. सेल्समननं एकच खुंटी ओढली होती. वारा फक्त खर्जाच्या ओळीत जात होता, आणि खर्जाचा सूर चांगलाच होता.

"दुसरी खुंटी ओढा," ती म्हणाली.

"काय फरक पडतो?"

"ओढा तर."

त्यानं ओढली. पट्टी दाबली. काटा डावीकडं गेला, उजवीकडं गेला, परत डावीकडं. दिवा हिरवा होईना.

"बानूमावशी, पंचम लावा," राबिया म्हणाली.

बानूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग त्या दुकानात, गिटारींच्या भिंतीपुढं, तिनं आवाज लावला. ड्रमवाला थांबला. बानूबाईचा आवाज सरळ उभा होता आणि पेटीचा सूर त्याच्या अंगाला लागून थरथरत होता. ते सगळ्यांना ऐकू आलं. सुभानभाई सोडून.

आवाज ऐकून मॅनेजर आला. माणूस वाईट नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दुसरा पीस नाही. मुंबईहून मागवला तर आठवडा लागेल."

"कुपनाची मुदत आज संपतीय," बानूबाई म्हणाली.

"ती माझ्या हातात नाही मावशी. उद्या कॉम्प्युटर तो नंबर घेणारच नाही. घडीची पेटी घ्या, नाहीतर मोठी घेऊन वरची रक्कम भरा."

घडीची पेटी अकरा जणींच्या आवाजाखाली ऐकूही आली नसती, आणि मोठीचा प्रश्नच नव्हता.

"मला ही उघडू द्या," राबिया म्हणाली.

"कंपनीचं सील आहे. तोडलं की गॅरंटी संपली. आधी बिल होईल, मग तुमची वस्तू, तुम्ही काहीही करा. बिघडली तर आमच्याकडं यायचं नाही."

बानूबाई राबियाच्या अगदी समोर आली. "तुला येतंय व्हय हे?"

राबियानं बापाकडं बघितलं. सुभानभाई तिच्याकडं बघत होते. ते तिचे ओठ बघत होते.

"येतंय," ती म्हणाली. "सोळा वर्षं झाली. तुमच्या पेट्या मीच लावते."

सुभानभाई वळले. रांगेला, ट्रॉलीला वळसा घालून ते दाराकडं चालत गेले आणि काचेच्या दारातून बाहेर पडले. जिन्याजवळ गार्डसाठी ठेवलेली एक खुर्ची होती. तिच्यावर ते दुकानाकडं पाठ करून बसले.

"बिल करा," बानूबाई म्हणाली. आवाज दगडासारखा.

कुपनाला भोक पडलं. राबिया धावत खाली जाऊन टोकन देऊन पिशवी घेऊन आली. येताना ती बापाच्या खुर्चीजवळून गेली. त्यांनी मान वर केली नाही.

तिनं जमिनीवर फडकं अंथरलं. सील तोडलं, स्क्रू काढले, फळी उचलली. खाली पितळी सुरांच्या ओळी. उतरलेला सूर तिनं बोटानं छेडून शोधला. घरी असती तर तिच्याकडं डबाभर जुने सूर होते, एक तुटला तर दुसरा बसवता आला असता. इथं हा एकच होता. पितळ कागदासारखं पातळ. जास्त घासलं तर तुटणार, वाकलं तर त्याची फट बिघडणार आणि मग तो बोलणारच नाही. तिनं जिभेखाली पत्र्याची पट्टी सरकवली आणि टोकाशी पटाशी टेकवली. हाताला घाम सुटला होता. पदरानं पुसला.

एक घासणी. फळी लावून, भाता मारून ऐकलं. लहर अजून होती, पण संथ झाली होती. पुन्हा उघडलं. अजून एक घासणी. भोवती माणसं जमली होती, कॉलेजची ती दोन पोरंही. छतातलं गाणं चालूच होतं. राबिया मान वर न करता म्हणाली, "ते गाणं जरा बंद करता का?" मॅनेजरनं सेल्समनला खूण केली. गाणं बंद झालं.

तिसऱ्या घासणीला सूर जरा जास्तच चढला. आता बुडाशी घासायचं, म्हणजे जीभ दोन्हीकडनं पातळ होणार. तिनं केसाएवढी, एकच, हलकी घासणी दिली. फळी लावली. पट्टी दाबली.

लहर नव्हती. दोन सूर एक होऊन उभे होते.

"गिताबाई, तुमी वाजवा," ती म्हणाली. गिताबाईनं वाजवलं. बानूबाईनं पुन्हा पंचम लावला. गिताबाईचे डोळे भरून आले. बानूबाईचे आले नाहीत. ती एवढंच म्हणाली, "झाकन लाव. गाडी चुकंल."

सहाच्या सुमाराला पॅसेंजर सुटली. डबा निम्मा रिकामा होता. सुभानभाई दोन बाकडी सोडून खिडकीशी बसले. गिताबाई पेटीवर हात ठेवून पेंगत होती. लोणी स्टेशन मागं गेल्यावर बानूबाईनं विचारलं, "आमचं मालक गेलं, त्या साली तेराव्याला भजन झालं. ती पेटी कुनी लावलेली?"

"मी."

"आन् पुण्याला नंबर आला तवाची?"

"ती बी मीच."

"म्हंजी मी दरसाली तुझ्या बाच्या पाया पडून जात हुते, ते कशापायी?" तिनं राबियाकडं तोंड वळवलं. "मला सांगायचं व्हतं पोरी. येड्यात काढलंस आमाला."

"मावशी, अब्बांना ऐकू येत न्हाई, हे मी कसं सांगू? त्यांनी मलाच कधी सांगितलं न्हाई."

बानूबाईनं दोन बाकड्यांपलीकडं बघितलं. सुभानभाईंचं डोकं खिडकीच्या गजाला टेकलं होतं. ते झोपले नव्हते.

चार तारखेला शिरूरला स्पर्धा झाली. राबियाला बोलावणं नव्हतं, तरी ती एसटीनं गेली आणि मांडवाच्या कडेला उभी राहिली. पेटी चोख वाजली. पंचमावर बायका अशा टेकल्या की मांडव शांत झाला. पण दुसऱ्या भजनात गिताबाई एक कडवं विसरली, त्यामुळं नंबर आला नाही. परतताना बानूबाईनं राबियाला गर्दीत बघितलं. थांबली नाही, पण मान हलवली.

गोष्ट तालुक्याबाहेरही पसरली. शिरूरच्या एका बुवांनी दुरुस्तीला टाकलेली पेटी तशीच परत नेली. म्हणाले, आमची पेटी बाईच्या हाताखाली गेली हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. एक शाळा दुसरीकडं गेली. अक्रम म्हणाला, "जाऊ दे. जे जातील ते जातील." राबिया म्हणाली, "गिऱ्हाईक गेल्याचं दुःख न्हाई मला." ती रोज दुकान उघडत होती आणि बाप घरी बसून होता. जेवायचा, नमाज पढायचा, उन्हात खाट टाकून पडायचा. लेकीशी एक शब्द नाही. सुगराबीनं दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तो उठून बाहेर गेला. राबिया अजूनही पडद्यामागंच बसायची. पुढं बसायचा तिला धीर होत नव्हता. गिऱ्हाईक आलं की ती बाहेर येऊन उभ्या उभ्या बोलायची.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी पुढच्या बाजूला पावलं वाजली. राबियानं पडद्याच्या फटीतून बघितलं. सुभानभाई आले होते. त्यांनी चपला काढल्या, आपल्या जागेवर बसले आणि समोरच्या पेटीवरची धूळ फडक्यानं पुसायला लागले. ती आतच थांबली. बाहेर जावं की नाही कळेना.

थोड्या वेळानं कारेगावचा ज्योतिबा आला. कंपनीत काम करणारा, तिथल्या कामगारांचं भजन चालवणारा. नवं गिऱ्हाईक, त्याला काही ठाऊक नव्हतं. त्यानं पेटी खाली ठेवली आणि म्हणाला, "मामा, लई नाव ऐकलं तुमचं. जरा सूर बघा हिचे."

सुभानभाईंनी त्याचे ओठ वाचले. पेटी स्वतःपुढं ओढली. राबियाच्या हातातलं काम थांबलं. त्यांनी भाता एकदा मारून बघितला, चामडं चाचपलं.

"भाता गळतोय, तेवढा मी करून देतो," ते म्हणाले. मग थांबले. पेटी उचलून पडद्याकडं सरकवली. "सूर माझी लेक बघती. तिला इचारा. मला ऐकू येत न्हाई."

ज्योतिबा म्हणाला, "बरं."

राबिया पडदा सारून बाहेर आली. बापानं बाजूला सरकून बसायला जागा केली. तिनं पेटी उघडली आणि ज्योतिबाला विचारलं, "कुठल्या पट्टीत गाता तुम्ही?"